दोघींत एकच पदर

गव्हाचा चीक शिजत असताना बाईला जागचं हलता येत नाही. हात थांबला की गाठी होतात, गाठी झाल्या की चीक सोऱ्यात अडतो, आणि मग वर्षभर कुरडईच्या नावाखाली घरच्यांना आपण काय तळून घालतो ते आपल्यालाच सांगता येत नाही. एप्रिलमधली सकाळ होती. आमच्या ह्यांची सकाळची शाळा, ते गेलेले. मी पातेल्याशी झुंजत होते आणि वाट बघत होते समोरच्या शेवंताबाईंची. त्यांचा पितळी सोऱ्या आणि त्यांचं मनगट, दोन्ही आमच्या आळीत नावाजलेली आहेत.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

कारेगावात दारावर टकटक कुणी करत नाही. माणूस "हाय का कुणी घरात?" म्हणत थेट न्हाणीपर्यंत येतो. टकटक झाली म्हणजे बँकेचा माणूस, नाहीतर पुण्याचा.

"दार उघडंच आहे, आत या!" मी ओरडले. "चीक लागेल माझा."

एक मुलगी आत आली. सुती कुर्ता, गळ्यात कंपनीचं कार्ड. तिच्यामागे दाढीवाला एक गृहस्थ, खांद्यावर कॅमेरा. मुलीनं आमच्या घरावरून नजर फिरवली. वरचे पत्रे, ओल धरलेली भिंत, दोरीवरची चादर, कोपऱ्यातलं धान्याचं पिंप. कुणाला आमचं घर बघून इतकं समाधान झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"परफेक्ट," ती दाढीवाल्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, गोड आवाजात, "शेवंताबाई आजी घरात आहेत का?"

"त्या इथे राहत नाहीत."

"असं कसं?" तिनं मोबाईल पुढे केला. पडद्यावर तोच फोटो होता, जो कारेगावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. नऊवारीतली एक म्हातारी पदर पसरून उभी, समोर तोंडाला प्लॅस्टिकची ढाल लावलेल्या एक मॅडम, आणि मॅडमच्या हातातून पदरात पडणारी किराण्याची पिशवी. खाली ठळक अक्षरांत, 'पसरलेल्या पदरात विश्वासाचं दान'. त्याखाली बारीक अक्षरांत, 'लाभार्थी महिला, कारेगाव'.

मुलीचं नाव अनुपमा. दाढीवाल्याचं सम्राट. दोघं निळ्या कंपनीकडून आली होती. औद्योगिक वसाहतीत शिरताना निळ्या पत्र्याची जी मोठी शेड लागते, तिला आम्ही निळी कंपनी म्हणतो. तिला इंग्रजी नाव आहे, तीन शब्दांचं, पण त्यातल्या एकाही शब्दावरून आत काय बनतं ते कळत नाही. तर कंपनीला करोनाकाळातल्या आपल्या दानधर्माची फिल्म काढायची होती. ज्यांना तेव्हा मदत केली, त्यांची आयुष्यं पाच वर्षांत कशी पालटली, हे दाखवायचं होतं. पारावर फोटो दाखवून नाव विचारून घेतलं, लाभार्थी शोधत ती दोघं आळीत आली आणि सगळ्या आळीत लाभार्थ्याला शोभेल असं घर त्यांना एकच दिसलं. आमचं. मास्तरांचं घर. सासऱ्यांनी बांधलेलं, आणि पाडून नवं बांधायचं असं आम्ही दर दिवाळीला ठरवतो तसंच उभं असलेलं.

"शेवंताबाईंचं घर ते," मी कोपरानं खिडकीबाहेर दाखवलं. हात मोकळा नव्हता.

समोर गुलाबी रंगाचा दुमजली बंगला. दारात पिकअप. मागे भाड्याच्या खोल्यांची लांबच लांब रांग, गच्चीवर पाण्याच्या टाक्या.

सम्राटनं कॅमेरा खाली घेतला. अनुपमाचा चेहरा पडला, आणि मग, मी बघत असतानाच, हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे पाच वर्षांत आजींनी एवढं केलं?"

आता तुम्हीच बघा. पाच किलो आटा, थोडा तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, मीठ आणि सॅनिटायझरची बाटली. एवढ्या भांडवलावर दुमजली बंगला उठवणारी बाई अर्थमंत्री व्हायला हवी होती.

"बंगला आधीचाच आहे," मी सांगितलं. "कंपन्यांसाठी जमीन गेली, तेव्हा बांधलेला."

"अच्छा," अनुपमा म्हणाली. "पण व्हिज्युअली ना, खूप स्ट्राँग वाटेल." आणि आमच्या ओल आलेल्या भिंतीकडे बघत, "ताई, तुमची हरकत नसेल तर 'आधी'चा शॉट इथे घेऊ का?"

आमच्या घराकडे आजवर कुणी काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, घ्या. फक्त पिंपावरचं मास्तरांचं आदर्श शिक्षक पुरस्काराचं मानचिन्ह तेवढं हलवा, नाहीतर तुमचा लाभार्थी शिकलेला निघायचा.

*

आता शेवंताबाईंबद्दल सांगायला हवं, कारण त्या फोटोत ज्या दिसतात त्या त्या नव्हेत.

त्या मूळच्या दौंड तालुक्यातल्या कासुर्डीच्या, माळ्याच्या लेक. लग्न होऊन कारेगावात आल्या तेव्हा इथे कंपनी सोडा, धड रस्ता नव्हता. त्यांचे मालक हौसराव, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तेव्हा बाजरीशिवाय दुसरं काही पेरत नसत. शेवंताबाईंनी माहेरून शेवंतीची रोपं आणली. सासू म्हणाली, सुनेला स्वतःचंच नाव रानभर लिहायचं दिसतंय. पुढं वांगी आली, मेथी-कोथिंबीर आली, कारली आली. मग सरकारी माणसं मोजणीला आली आणि वरचं रान कंपन्यांकडे गेलं. ओढ्याकाठचं राहिलं. त्यात त्या आजही वांगी लावतात. मुलगा रोहिदास पिकअप घेऊन माल पोचवतो, सून ऋतिका भाड्याच्या खोल्यांचं बघते.

त्यांची एक खोड आहे. पदरात काही घेतल्याशिवाय त्यांना चालताच येत नाही. कुणाच्या दारात गेल्या की पदराचा ओचा सोडतात आणि ओट्यावर चार वांगी घरंगळतात. "असू द्या, रानात पडून व्हती." रानात पडून असलेल्या भाजीनं या आळीतल्या कितीतरी संध्याकाळी निभावल्यात.

वीस साली कुलूप लागलं. निळी कंपनी बंद झाली. कंपनीच्या आधी ठेकेदाराचा फोन बंद झाला. शेवंताबाईंच्या खोल्यांत राहणारी बिहार-ओडिशाची पोरं, सगळी त्याच ठेकेदाराची, दारात बसून राहिली. कंपनीत विचारायला गेली तर वॉचमन म्हणाला, तुम्ही कंपनीचे नाहीत, ठेकेदाराचे. ठेकेदाराला विचारावं तर तो कुणाचाच नव्हता.

शेवंताबाईंनी लग्नातलं पातेलं बाहेर काढलं. मार्केट बंद, रानात वांगी लोंबत होती. रोज वांग्याचा रस्सा आणि भाकरी.

"अम्मा, आज भी बैंगन?"

"आज बी बैंगन, कल बी बैंगन. कंपनी चालू होता तोवर बैंगन. खाता है का ताट उचलू?"

त्यांची हिंदी अशी, आणि त्यातलं एकही अक्षर पोरांना कळायचं राहत नसे.

त्या दिवसांत तालुक्यात दानाची साथ आली होती. आजाराच्या साथीपेक्षा ती लवकर पसरली. एका सोनारानं मास्क वाटले, त्यावर मंगळसूत्राचं चित्र होतं, बरोबर तोंडावर. मोबाईलच्या दुकानदारानं प्रतिकारशक्तीच्या गोळ्या वाटल्या, डबीवर रिचार्जची ऑफर. ज्या औषधवाल्यानं पहिल्या आठवड्यात सॅनिटायझर चढ्या भावानं विकलं, त्याचाच दुसऱ्या आठवड्यात 'कोविड योद्धा' म्हणून शाल घालून सत्कार झाला. शाल देणाऱ्यानं ती लांबून, काठीनं खांद्यावर टाकली, हे मी मोबाईलवर स्वतः बघितलं. देणारे इतके झाले की घेणारे कमी पडायला लागले. एका वस्तीवर एकाच सकाळी तीन संस्था तांदूळ घेऊन पोचल्या आणि आधी फोटो कुणाचा, यावरून भांडल्या.

पण हसण्यावारी नेलं तरी एक गोष्ट मला गिळता येत नाही. पुढच्या वर्षी आमच्या ह्यांना दम लागला तेव्हा कोविड सेंटरमध्ये ते ऑक्सिजनच्या ज्या मशीनवर होते, ते निळ्या कंपनीनं दिलेलं होतं. मशीन गुडघ्याएवढं, त्यावरचं कंपनीचं स्टिकर छातीएवढं. ह्यांची फुप्फुसं त्या स्टिकरकडे बघून काम करायची थांबली नाहीत. हे घरी आले. तेव्हापासून त्या कंपनीवर मी तोंडभरून बोलायला लागले की मास्तर चष्म्यावरून बघतात आणि एक लांब श्वास घेतात, मुद्दाम, आवाज करून. मग मी स्वयंपाकघरात जाते.

तर मुद्द्यावर येते. अक्षयतृतीयेच्या आठवडाभर आधीची गोष्ट. खोल्यांमधली पोरं वाट बघून थकली आणि एका पहाटे चालत निघून गेली. शेवंताबाईंनी फडक्यात भाकरी बांधून दिल्या. त्यानंतर एक-दोन दिवसांत आळीत मोठी पांढरी गाडी आली, मागे टेम्पो. गाडीतून उतरल्या सुलक्षणा मॅडम, निळ्या कंपनीच्या मालकीणबाई. त्या पोरांसाठी किट घेऊन आल्या होत्या. निळ्या कंपनीला आपले कामगार कुठे राहतात हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि ते आता तिथे राहत नाहीत, हेही त्याच दिवशी कळलं.

मॅडम वाईट नव्हत्या. तेच तर अवघड आहे. घराबाहेर पडायला सगळे घाबरत होते, तेव्हा ती बाई स्वतः आली होती. प्रत्येक रिकाम्या खोलीची कडी तिनं स्वतः वाजवून बघितली. मी दारातून बघत होते. पण टेम्पो भरलेला होता, फोटोवाला पुण्याहून पास काढून आणला होता, आणि घ्यायला कुणीच नव्हतं.

इकडे शेवंताबाईंच्या डोक्यात भलतंच. चैत्र होता. चैत्रातल्या हळदीकुंकवाला एरवी त्यांच्या ओसरीवर बायका मावत नाहीत, त्या वर्षी एक चिटपाखरू नाही. आणि अशात एक सवाष्ण स्वतःच्या पायांनी दारात आलेली. तिला रिकामी कशी पाठवायची? खण मिळायला दुकान उघडं नाही, नारळ नाही. त्या लगबगीनं आत गेल्या, ओचा भरून वांगी घेतली, वर मूठभर तांदूळ घातले आणि ओटी भरायला मॅडमसमोर आल्या.

अडचण एकच झाली. ओटी पदरात भरतात, आणि मॅडम पँट घालून आल्या होत्या. वर पांढरा ॲप्रन, हातात मोजे. दोघींत पदर एकच होता, आणि तो शेवंताबाईंचा होता.

"घ्या," म्हणत त्यांनी भरलेला पदर दोन्ही हातांनी पुढे केला, की मॅडमनी आतली वांगी उचलून घ्यावीत. मॅडमना वाटलं, बाई मागतेय. त्यांनी हातातली पिशवी वांग्यांवर ठेवली. फोटोवाल्यानं बटण दाबलं.

फोटो खालून घेतलेला आहे. त्यात आकाश आहे, ढाल आहे, पिशवी आहे, पसरलेला पदर आहे. वांगी नाहीत.

"आवो, ही आधी घ्या की तुम्ही!" शेवंताबाई म्हणाल्या. "ओटी हाय तुमची."

"नको नको, राहू द्या, सॅनिटाइज केलेली नाहीत," मॅडम म्हणाल्या आणि हात जोडून गाडीत बसल्या. वांगी शेवटी त्यांच्या ड्रायव्हरनं, मच्छिंद्रनं, डिकीत टाकली. गावचाच होता. घरी नेऊन भरीत केलं असणार.

पिशवी शेवंताबाईंनी त्याच दुपारी झुंबरबाईच्या दारात ठेवली. झुंबरबाई आमच्या आळीतली एकटी म्हातारी. झुंबरबाईचा कुणी फोटो काढला नाही. तिला खरी गरज होती.

*

फोटो आधी पेपरात आला. मग कंपनीच्या भिंतीवर, बसच्या आकाराचा. मग कॅलेंडरवर. कंपनीला दिल्लीत बक्षीस मिळालं, त्याच्या बातमीत पुन्हा तोच फोटो. गावातले लोक हसले. शेवंताबाई रस्त्यानं निघाल्या की पारावरून कुणीतरी म्हणायचं, "मावशे, आमच्यासाठी बी पसर की पदर, सिमेंट महागलंय." त्याही हसायच्या. "तुझ्या बापाला सांग, त्यो पसरील," असं सुनावून पुढं जायच्या. गावाचं त्यांनी काही मनाला लावून घेतलं नाही, कारण गावाला खरं काय ते ठाऊक होतं.

कासुर्डीला ठाऊक नव्हतं.

म्हस्कू त्यांचा धाकटा भाऊ, पाठचा. त्यानं ते कॅलेंडर यवतमध्ये टायरच्या दुकानात बघितलं. चाक दुरुस्त होईपर्यंत तो त्या भिंतीसमोर उभा होता म्हणे. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर ज्वारीचं पोतं बांधून कारेगावात आला. पोतं ओसरीवर टाकलं. पाणी घेतलं नाही, बसला नाही.

"आक्का, तुला कमी पडलं तवा मी मेलो व्हतो का?"

"आरं, म्या घेतली न्हाई रं, म्या दिली व्हती. वांगी व्हती माझ्या पदरात."

"कुठं हायती वांगी? दाखव."

फोटोत कुठून दाखवणार?

"मंग काय कंपनी खोटं छापती व्हय? येवढी मोठी कंपनी. दिल्लीला बक्षीस देत्यात त्यांस्नी."

"म्हस्कू, माझं ऐकशील का कंपनीचं?"

"परक्या बाईपुढं पदर पसरलास. भाऊ जिता असताना. जिथं पसरलास तिथंच भाऊबीज कर," असं म्हणून त्यानं गाडीला लाथ मारली आणि निघून गेला.

रोहिदास समजवायला कासुर्डीला जाऊन आला. मास्तरही जाऊन आले, तेही दम लागण्याच्या आजारातून उठल्यावर. म्हस्कूमामांचं एकच, घरच्यांनी घरच्यांची बाजू घ्यायचीच असते, छापलेलं ते छापलेलं. माणूस वाईट नाही. बहिणीवर जीव म्हणूनच एवढा राग. पण तेव्हापासून शेवंताबाईंच्या घरी भाऊबीज झालेली नाही. त्या दिवशी त्या पाट मांडतात, निरांजन लावतात आणि अंगणात जाऊन चंद्राला ओवाळतात. ज्यांना भाऊ नाही त्या बायका असं करतात. मी समोरच्या घरात राहते, मला दिसतं. दिसलं तरी आपण आत जाऊन दिवा मंद करावा, एवढंच करता येतं.

*

तर त्या सकाळी चीक उतरवेपर्यंत शेवंताबाई सोऱ्या घेऊन आल्याच. दारात पाऊल टाकताच त्यांनी पदर सोडला आणि ओट्यावर चार कारली पडली. सम्राटनं कॅमेरा उचलला.

"हे कोन?" त्यांनी मला विचारलं.

"निळ्या कंपनीची माणसं, मावशी. तुमची फिल्म काढणार आहेत."

"आन् तुमच्या घरात काय काढत्यात?"

"माझ्या घरात तुमची गरिबी."

शेवंताबाईंनी माझ्या भिंतीकडे बघितलं, मग अनुपमाकडे, आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की सोऱ्या खाली ठेवावा लागला. "मास्तरीणबाई, तुमी तरी भाडं घ्या वो त्यांच्याकडनं."

कुरडया राहिल्या. मी चिकावर ओलं फडकं टाकलं आणि सगळे समोर बंगल्याच्या ओसरीवर गेलो. आबा खुर्चीवर बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं, पण कॅमेरा दिसल्यावर त्यांनी टोपी नीट केली. ऋतिकानं चहा केला. शेजारपाजारची चारदोन माणसं गोळा झाली, फिल्म निघत असताना घरात कोण बसतं?

"आजी, तुम्ही फक्त एवढं बोला," अनुपमा म्हणाली. "त्या वाईट दिवसांत कंपनी नसती तर आम्ही जगलो नसतो."

"असं कसं बोलू? कंपनी नसती तर ती पोरं तरी इथं उपाशी कशाला बसली असती?"

सम्राट खोकला. अनुपमानं कागदावर काहीतरी खोडलं. मुलगी हुशार होती, आणि मला वाटतं, थोडी अवघडलीही होती.

"बरं, मग कंपनीनं मदत केली, एवढं तरी?"

"केली की. मास्तरांचा जीव कंपनीच्या मशिनीवर वाचला. ते म्या कुठंबी सांगंन. पण मास्तरांचं मास्तरांस्नी विचारा."

मी चहाच्या कपात बघत राहिले.

मग सम्राट पुढे आला. त्यानं पिशवीतून किराण्याची एक नवी पिशवी काढली, तशीच, कंपनीच्या नावाची. "आजी, एकच शॉट. तेव्हासारखा पदर धरा ना. मॅडमच्या जागी ही उभी राहील. आपण त्या फोटोतून थेट आजच्या बंगल्यावर जाऊ."

"पदर?"

"हो, असा पुढे. पसरून."

ऋतिका चहाचा ट्रे घेऊन उभीच राहिली. शेवंताबाईंनी पदर हातात घेतला. मला वाटलं, धरतात की काय. त्यांनी तो खांद्यावरून पुढे आणला, कमरेला घट्ट खोचला आणि वरून हात ठेवला.

"न्हाई धरायची."

"का, आजी?" अनुपमानं विचारलं. तिनं खुणेनं सम्राटला कॅमेरा बाजूला घ्यायला लावला, हे मी बघितलं, आणि त्या मुलीबद्दल माझं मत तिथे बदललं.

शेवंताबाईंनी सांगितलं. लांबण लावली नाही. चैत्र होता, ओटी होती, वांगी होती. भावानं कॅलेंडर बघितलं. भाऊ येत नाही. एवढंच.

अनुपमा बराच वेळ मोबाईलवरच्या त्या फोटोकडे बघत होती. दोन बोटांनी तो मोठा करत होती, खाली सरकवत होती. खाली काही नव्हतं, तिथे फोटो संपत होता.

"हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली.

"इचारलं न्हाई कुणी."

"आजी, मी ऑफिसात बोलते. कंपनीला काहीतरी करायला सांगते. तुमच्यासाठी काय करू? सांगा."

हे ऐकल्याबरोबर ओसरीवर जीव आला. शेजारचे शंकरराव पुढे सरकले. "मावशे, पोराला कंपनीत घ्यायला सांग! पर्मनंट!"

"बोअर माग!" मागून कुणीतरी.

"आळीत दिवे मागा, दिवे!"

आबांनी कानाला हात लावला. "काय म्हनत्यात?"

"कंपनी काय पाहिजे ते देती म्हनत्यात!" ऋतिका त्यांच्या कानात ओरडली.

"मंग ती भिंतीवरची हिची तसबीर काढा म्हनावं," आबा म्हणाले. "पावसानं हिचं नाक निघालंय."

सगळे हसले. शेवंताबाई हसल्या नाहीत. त्या अनुपमाच्या जवळ गेल्या, तिच्या गळ्यातलं कंपनीचं कार्ड दोन बोटांत धरून सरळ केलं, नीट दिसेल असं.

"पोरी, मला काय बी नको. गाडी आनलीच हाय तर आत्ता माझ्यासंगं चल. न्हावरा, चौफुला, यवत, आन् म्होरं कासुर्डी. माझा भाऊ माझं ऐकत न्हाई, कंपनीचं ऐकल. त्याला येवढंच सांग, तुझ्या बहिणीनं आमच्याकडं काय बी मागितलं न्हवतं."